चिठ्ठीवरचं नाव

प्रिय मावशी, सलाम.
मी नगर जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. वय ५१. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अठरा वर्षं मुलांची शब्बाथशाळा (रविवारची धर्मशिक्षणाची शाळा) घेते. मुलगा २४ वर्षांचा, पुण्यात नोकरीला. मागच्या नाताळात तो म्हणाला, "आई, मी उपासनेला येत नाही. माझा विश्वास उरलेला नाही आणि तुझ्यासाठी नाटक करणार नाही." माझा तोल गेला. "तुझ्या मनात ख्रिस्ताला जागा नसेल तर या घरात तुलाही नाही," असं मी बोलून बसले. तो त्याच संध्याकाळी निघून गेला. तेव्हापासून फक्त पप्पांचा फोन उचलतो.
आमच्या प्रार्थनागटातल्या एक ताई म्हणतात, तुझं समर्पण अर्धवट आहे, पूर्ण असतं तर मुलगा केव्हाच परत आला असता. त्यांच्या सांगण्यावरून एका रविवारी मी मुलाचं नाव चिठ्ठीवर लिहून दानाच्या पिशवीत टाकलं. घरी आले आणि पायातल्या चपला काढायच्या आधी त्याला फोन लावला. त्याने घेतला नाही. ताई म्हणाल्या, देवाला दिलेलं तू परत घेतलंस. वाट बघणं हासुद्धा अविश्वासच. दर थंडीत मी त्याला स्वेटर विणते. यंदाचा अर्धा झालाय, आता तोही पुढे न्यायची भीती वाटते. शब्बाथशाळेत उभी राहते तेव्हा मागे बसलेल्या बायका काय म्हणत असतील या विचाराने घसा कोरडा पडतो. मावशी, समर्पण म्हणजे नक्की काय? मला ते का जमत नाही?
— एक आई

सलाम गं बाई. मावशी म्हणालीस, म्हणून अगंतुगं करते.

आधी त्या फोनचं बोलू, कारण तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त लाज त्याचीच दिसते. फोन लावलास यात तू देवाकडून काहीही परत घेतलेलं नाहीस. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभूने सांगितलेल्या गोष्टीतला बाप आठव. धाकट्याने वाटणी मागितली, बापाने दिली. तो दूर देशी गेला, बाप त्याला अडवायला धावला नाही, मागे माणसं पाठवली नाहीत. पण मुलगा परत येताना दूर होता तेव्हाच बापाने त्याला पाहिलं, असं तिथे लिहिलंय. रस्त्याकडे डोळे असल्याशिवाय इतक्या लांबून कोण दिसतं? त्या बापाचं वाट बघणं प्रभूने अविश्वास म्हणून सांगितलेलं नाही. त्या गोष्टीत ते वाट बघणं देवाचंच आहे.

तुझ्या स्वेटरचं वाचलं आणि मला शास्त्रातली हन्ना आठवली. शब्बाथशाळेत तू ही गोष्ट कितीदा तरी सांगितली असशील, पण आज माझ्यासाठी परत ऐक. मूल होत नाही म्हणून घरात सवतीचे टोमणे खाणारी ही बाई शिलोच्या मंदिरात जाऊन रडते. ओठ हलतात, आवाज येत नाही. तिथला याजक एली तिला बघतो आणि ती दारू प्यालीय असं समजतो. विचार कर, आयुष्यभर देवाच्या दारात बसलेल्या माणसाला समोरची खरी प्रार्थना ओळखता आली नाही. हन्ना त्याला उलट बोलत नाही, पण त्याचं म्हणणं मान्यही करत नाही. 'नाही, माझ्या स्वामी,' म्हणते आणि आपलं दुःख सांगते. तुझ्या प्रार्थनागटातल्या ताईंना काय उत्तर द्यावं असं तुला वाटत असेल, तर त्याचा नमुना हा. आवाज न चढवता नाही म्हणता येतं.

पुढे तिला मुलगा होतो, शमुवेल. नवस केल्याप्रमाणे दूध तुटल्यावर ती त्याला शिलोला नेऊन सोडते. समर्पणावरची बहुतेक प्रवचनं इथे थांबतात. मला मात्र त्यानंतरच्या अध्यायातलं एक वचन फार आवडतं, लोक ते भराभर वाचून पुढे जातात. त्याची आई दरवर्षी एक लहानसा झगा करून यज्ञाला येताना त्याच्यासाठी आणत असे. दरवर्षी! म्हणजे मूल देऊन टाकल्यावरही ती घरी बसून शिवत होती. आणि मापाला मूल समोर नव्हतं. वर्षभरात खांदे किती रुंदावले असतील, बाही किती लांब ठेवावी, हे सगळं अंदाजाने. तिने देवाला दिलं ते परत घेतलं असं शास्त्र कुठेही म्हणत नाही. उलट ज्याने कुणी हे लिहून ठेवलं, त्याला तो झगा लिहून ठेवावासा वाटला.

तेव्हा विणकाम थांबवू नकोस.

आता त्या ताईंच्या हिशोबाचं. 'समर्पण पूर्ण असतं तर मुलगा परत आला असता.' हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून फार वेळा ऐकलंय. कुणाची नोकरी गेली तर, कुणाचा आजार बरा झाला नाही तर, कुणाच्या मुलीचं लग्न जमेना तर. दरवेळी दुःखात असलेल्या माणसाच्याच डोक्यावर आणखी एक धोंडा. मला याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही. पूर्ण दिलं की हवं ते मिळतं, याला बाजारात खरेदी म्हणतात. आणि शास्त्राशीही ते जुळत नाही. धरला जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना आपल्या प्रभूचं समर्पण काही कमी होतं का? तरी दुःखाचा तो प्याला टळला नाही. पौलाने आपल्या देहातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही. 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढं उत्तर मिळालं. तुझा मुलगा आला नाही, यावरून तुझ्या समर्पणाचं माप कुणालाही काढता येणार नाही.

आणि एक. देवाला शरण जाणं आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसाला शरण जाणं, या दोन गोष्टींची आपल्याकडे फार सरमिसळ होते, बायकांच्या बाबतीत तर विशेष. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या ज्या सिस्टर जेराल्डिन यांना त्या आईसारखं मानत, त्यांच्याशीच त्यांचा धर्ममतांवरून पत्रांतून वाद चाले. चर्चने सांगितलं तेवढं निमूट मान, असा तिकडून आग्रह. १८८५ च्या एका पत्रात रमाबाईंनी कळवलं की, मोठ्या कष्टाने मी आमच्याकडच्या पुरोहितांच्या जोखडातून मान सोडवून घेतलीय, आता तसलंच दुसरं जोखड घ्यायला मी तयार नाही. परक्या देशात, दुसऱ्यांच्या आश्रयाला असताना, पदरात लहान मुलगी असताना हे लिहिलंय त्यांनी. याच बाईने पुढे केडगावला मुक्ती सदन उभं केलं, दुष्काळातल्या शेकडो मुली आणल्या आणि आयुष्याची शेवटची वर्षं शास्त्राच्या मराठी भाषांतरात घातली. देवाला सगळं वाहिलेली बाई माणसांपुढे अशी ताठ उभी राहू शकते. मला तर वाटतं, वाहिलेली होती म्हणूनच.

इथे माझं थोडं सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझे यजमान आजारी होते. मी रोज रात्री दिव्याजवळ बसून म्हणायचे, 'प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.' मंडळीतले लोक म्हणायचे, हिचं समर्पण बघा. पण मला आतून ठाऊक होतं. मी ते म्हणत होते, कारण मला मागायची हिंमत नव्हती. 'यांना बरं कर' असं मागितलं आणि मिळालं नाही तर देवाशी माझं काय उरेल, या धास्तीने मी मागणंच सोडलं होतं. ते समर्पण नव्हतंच, मी आशेला दारातूनच परत पाठवत होते. एका पहाटे गेथशेमानेचा भाग वाचताना मला दिसलं की प्रभूने आधी मागितलंय. 'होईल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो.' स्पष्ट, उघड, भूमीवर पालथं पडून. त्यानंतर 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे.' आणि हेही एकदा म्हणून भागलं नाही, तीनदा जावं लागलं. मध्ये मध्ये मित्र जागे आहेत का बघायला येत होता तो. त्या दिवशी मी पहिल्यांदा मागितलं, रडले, भांडले. यजमान पुढे गेलेच. पण ते शेवटचे महिने मी त्यांच्यापाशी होते, खऱ्या अर्थाने होते. आधी नव्हते.

म्हणून तू मुलाला माग. रोज माग. आणि मागून झालं की प्रभूसारखीच ऊठ. त्या बागेत तिसऱ्यांदा मागून झाल्यावर तो मित्रांना म्हणाला, 'उठा, आपण जाऊ.'

आता जे मला लिहायला जड जातंय ते. तुझ्या चिठ्ठीवरचं नाव चुकलं, बाई.

रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल काय अर्पण करायला सांगतो? 'आपली शरीरे.' आपली. हन्नाचं लेकरू नुकतं दूध तुटलेलं होतं, तिच्या हातात होतं, ती देऊ शकली. तुझा मुलगा २४ वर्षांचा बाप्या आहे. त्याचं अर्पण त्याचं त्याने करायचं. तुझ्या मुठीत जे आहे तेच तुला देता येईल. तुझ्या मुठीत काय आहे ते तूच पत्रात लिहिलंयस, दोन ठिकाणी. एक, मागे बसलेल्या बायका काय म्हणतील ही भीती. आणि दुसरं, नाताळाच्या दिवशीचं ते वाक्य.

ते वाक्य तू अजून परत घेतलेलं नाहीस. पत्र मी तीनदा वाचलं. तू प्रार्थना केलीस, उपास केला असशील, चिठ्ठी टाकलीस, फोन केलेस. पण 'मी चुकले' असं त्याला कळवलंस, हे मला कुठे सापडलं नाही. तो खोटं वागला असता तर शांतपणे उपासनेत तुझ्या शेजारी बसला असता. त्याने तुला खरं सांगितलं आणि त्याची किंमत म्हणून घर गेलं. ज्या प्रभूच्या नावाने तू त्याला दार दाखवलंस, तो प्रभू शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला आपले हात दाखवायला आला होता. मला कल्पना आहे, हे वाचून तुझ्या पोटात खड्डा पडेल. पण तुझं समर्पण अडलंय ते इथे, असं मला वाटतं. पिशवीत मुलाचं नाव टाकणं त्यामानाने सोपं होतं.

तो विश्वासात परत येईल का, ते मी सांगू शकत नाही. दुसऱ्याच्या विश्वासाला आपलं घड्याळ लागू होत नाही, एवढं मात्र आपल्या नगरच्याच एका घराने दाखवून दिलंय. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तो आघात होता. त्या दूर राहिल्या, पुढे संसार परत एकत्र आला तरी आपलं सोवळं त्यांनी लगेच सोडलं नाही. टिळक शीघ्रकोपी गृहस्थ, बोलण्यात कुणाला हार न जाणारे. तरीही ही एक गोष्ट त्यांच्या वक्तृत्वाने झाली नाही. लक्ष्मीबाई आपल्या पायांनी, आपल्या विचाराने आल्या, १९०० मध्ये. मधली पाच वर्षं टिळकांना काय वाटलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करते. लाखो शब्द लिहिणारा माणूस, आणि स्वतःच्या चुलीपाशी त्याला थांबावं लागलं.

शब्बाथशाळा सोडू नकोस. पण येत्या रविवारी मुलांना हन्नाची गोष्ट झग्यासकट सांग. मागे बसलेल्या बायकांपैकी एखादीचंही मूल असंच दूर असेल, तुला ठाऊक नसेल इतकंच. ताईंना सांग की माझ्या मुलासाठी प्रार्थना करा, माझ्यावर निकाल देऊ नका. तरीही थांबल्या नाहीत तर पाळकसाहेबांशी बोल, किंवा काही दिवस त्या गटातून बाजूला हो. त्याने तुझ्या विश्वासाला काही होत नाही.

आणि फोन सध्या लावू नकोस. पाप म्हणून नव्हे. न उचललेला प्रत्येक फोन त्यालाही टोचत असेल म्हणून. त्याऐवजी हाताने एक पत्र लिही. चार-पाच ओळी पुरेत. नाताळाला मी जे बोलले ते चूक होतं, हे घर तुझं आहे, तू उपासनेला येवोस न येवोस. एवढंच. वचन घालू नकोस, 'तुझ्यासाठी प्रार्थना करते' हेही या पत्रात नको, त्याच्या कानाला तो आत्ता दट्ट्याच वाटेल. 'कधी येतोस' असंही विचारू नकोस. उत्तर येईल, न येईल. ते तुझ्या हातात नाही आणि ते तसंच तुला प्रभूच्या हाती ठेवावं लागेल, बहुधा रोज सकाळी नव्याने.

पत्र पाकिटात घालून पप्पांबरोबर पाठव. ते भेटायला जातील तेव्हा त्यांना डोळ्यांनीच माप घेऊन यायला सांग. बाहेरचं खाऊन पोरगं सुटलंय की बारीक झालंय, मागच्या वर्षीच्या मापावर विणू नकोस. थंडी पडायच्या आत बाह्या पूर्ण होतील.

तुझी,
मावशी