एका दिवसात रॉबेन बेट आणि टेबल माउंटन

प्रश्न : डिसेंबरमध्ये केप टाऊनला आमच्या हाती एकच पूर्ण दिवस आहे. रॉबेन बेटावरचा तुरुंग आणि टेबल माउंटन दोन्ही जमेल का? आधी कुठे जावे?

उत्तर : जमते. मात्र आधी बोटीची वेळ पक्की करा, डोंगर तिच्या सोयीने बसवा. बोटीचे तिकीट ठरलेल्या तारखेचे आणि वेळेचे असते, आणि डिसेंबरच्या गर्दीत ते आयत्या वेळी मिळेलच असे नाही. सकाळी 9 ची बोट घ्या. ती बंदरावरच्या वॉटरफ्रंट भागात क्लॉक टॉवरजवळच्या नेल्सन मंडेला गेटवेवरून सुटते. सामानाची तपासणी होते, म्हणून अर्धा तास आधी पोहोचा. येण्याजाण्यासह साडेतीन ते चार तास लागतात, म्हणजे एकच्या आत-बाहेर तुम्ही मोकळे होता. तिथे तेव्हा उन्हाळा असतो, सूर्य आठच्या सुमारास मावळतो. दुपार डोंगराला पुरते.

घोळ घालतो तो वारा. उन्हाळ्यात आग्नेयेकडून जोरदार वारा सुटतो. समुद्रावरची दमट हवा उतारावर चढून गार होते आणि सपाट माथ्यावर पांढरा ढग पसरतो. त्याला तिथे ‘टेबलक्लॉथ’च म्हणतात. वारा वाढला की केबल कार बंद. हिवाळ्यात उलटे होते : वायव्येकडून वादळे येतात, उपसागर खवळतो आणि बोटी रद्द होतात. तेव्हा डिसेंबरमध्ये धोका डोंगराचा जास्त. आदल्या संध्याकाळी पोहोचलात आणि माथा स्वच्छ दिसला, तर बॅगा हॉटेलवर टाकून लगेच वर जा. उद्यावर ढकलू नका. केबल कार पाचेक मिनिटांत 1,067 मीटरवर नेते. वर भोंगा वाजला की फोटो सोडून स्टेशन गाठा. तो हवा बिघडल्याचा इशारा असतो, आणि खाली उतरायलाही रांग लागते.

प्रश्न : आईला बोट लागते. शिवाय तुरुंगात पाहण्यासारखे नेमके काय आहे?

उत्तर : डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी सुटण्याआधी अर्धा-एक तास द्या. आईंना खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्याजवळ बसवा. तिथे हेलकावे सर्वांत कमी. ज्यांना त्रास नाही त्यांनी जाताना मागच्या बाजूला उभे राहावे. अख्खा टेबल माउंटन, एका अंगाला डेव्हिल्स पीक आणि दुसऱ्या अंगाला लायन्स हेड, असा देखावा माथ्यावरून कधीच दिसत नाही.

तुरुंग दाखवणारे बहुतेक वाटाडे तिथेच कैद भोगलेले राजबंदी असतात. मंडेला 1964 ते 1982 इथे होते. त्यांची कोठडी जेमतेम 2.4 बाय 2.1 मीटर. पण घाईत सुटतो तो कैद्यांच्या शिध्याचा तक्ता, तो थांबून वाचा. भारतीय आणि मिश्रवंशीय कैद्यांना जॅम किंवा पाक 1 औंस, आफ्रिकी कैद्यांना काहीच नाही; मांस अनुक्रमे 6 औंस आणि 5 औंस. एकाच खटल्यात, एकाच दिवशी जन्मठेप झालेल्या भारतीय वंशाच्या अहमद कथराडांच्या आणि मंडेलांच्या ताटात वर्णावरून असा फरक होता.

प्रश्न : केबल कार बंदच असली तर?

उत्तर : सिग्नल हिलला जा. साधारण 350 मीटर उंची, माथ्यापर्यंत गाडी जाते, त्यामुळे आईंनाही सोपे. समोर उपसागरात सकाळी पाहिलेले बेट दिसते. संध्याकाळी तिथे फार गार वारा असतो, स्वेटर बरोबर ठेवा.