फ्रान्सच्या बोर्डो भागातल्या पोयाक गावची १९९६ ची रेड वाइन आता उघडावी की अजून ठेवावी? चवीवरून कसं ओळखायचं?

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून कड बघा. विटकरी झाक म्हणजे वाइन मुरलीये. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, खरा निकाल टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून येणाऱ्या तुरट घटकाचा. पोयाकमध्ये टॅनिन भरपूर असलेल्या कॅबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाचं प्रमाण जास्त, त्यामुळे वाइन तरुण असताना हिरड्या चांगल्याच आवळतात. वर्षं जातात तसे टॅनिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात आणि घोट मऊ लागतो. वासात ब्लॅककरंट (एक काळसर बेरी) मागे पडून तंबाखू, देवदार, चामडं पुढे येतं. हिरड्या अजून आवळतायत आणि फळाची चवही जाणवतेय? उरलेल्या बाटल्या खुशाल ठेवा. फळ गेलं, नुसता आंबटपणा उरला, तर उशीर झालाय. आणि हो, बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवा, नाहीतर गाळ ग्लासात उतरेल.