नॉर्वेतलं आजही निघणारं सर्वांत जुनं वर्तमानपत्र कोणतं?

ट्रॉन्डहाइम शहरातलं 'आद्रेसआविसेन'. पहिला अंक ३ जुलै १७६७ चा. गावातले लोक त्याला लाडाने 'आद्रेसा' म्हणतात.

याच्या चार वर्षं आधी, १७६३ मध्ये, आजच्या ओस्लोत एक पत्र सुरू झालं होतं, पण ते १९२० मध्ये बंद पडलं. त्यामुळे हा मान ट्रॉन्डहाइमकडे आला.

नावातच सगळा इतिहास आहे. त्या काळी 'आद्रेस-कोंतोर' म्हणजे जाहिराती घेणारी कचेरी. कुणाला घर विकायचंय, कुणाला नोकर हवाय, त्याने तिथे जाऊन नोंद करायची आणि ती छापून यायची. नॉर्वेचा कारभार तेव्हा कोपनहेगनहून डेन्मार्कचा राजा चालवत असे आणि शहरात जाहिराती छापायला त्याचा परवाना लागे. म्हणजे सुरुवातीला हे बातमीपत्र कमी आणि जाहिरातपत्रच जास्त होतं. मला तर त्या छोट्या जाहिराती बातम्यांपेक्षाही मोलाच्या वाटतात. शहर रोज कसं जगत होतं ते त्यांतच दिसतं!

नंतर १८१४ मध्ये डेन्मार्कशी नातं तुटलं, १९४० ते ४५ जर्मनांचा ताबा आला, तरी पत्र टिकलं. २००६ मध्ये मोठा आकार सोडून ते टॅब्लॉइड झालं.