आजीच्या वहीतला संत्र्याचा रवा केक कुकरमध्ये केला की मधोमध खचतो, शिवाय कडवट लागतो. काय चुकत असेल?

वहीत जिन्नस असतात, पण ते कधी आणि कसे घालायचे हे लिहिलेलं नसतं. तिथेच घोळ होतो. माझा केक नागपुरातल्या अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधल्या शेजारच्या आंटींचा. त्या दर नाताळाला करायच्या. आईने उतरवून घेतला तो असा: "रवा 2, साखर 1, दही 1, रस 1, तूप अर्धी, सोडा, साल. मंद." संपलं! लग्नानंतर पहिल्यांदा केला तेव्हा मधे हा खड्डा. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, शिरा म्हणून खाऊ नं."

आधी कडवटपणाचं बघा. आपलं नागपुरी संत्रं सालीला सैल, त्यामुळे सोलल्यावर साल किसायला गेलं तर ती फाटते आणि आतला पांढरा पापुद्राही किसणीवर येतो. कडू तोच. म्हणून अख्खं फळ धुऊन, पुसून, सोलायच्या आधीच वरवर किसायचं. केशरी रंग गेला की थांबायचं. रस मिक्सरमधून काढत असाल तर आजच सोडा. बिया भरडल्या जातात, आणि मग किती का साखर घाला. हाताने पिळून गाळून घ्या. नाताळाच्या सुमारास मिळतं ते आंबिया बहाराचं (बहार म्हणजे झाड फुलण्याचा हंगाम) संत्रं, जरा आंबट. त्याला वाटीभर साखर लागतेच. फेब्रुवारी-मार्चमधलं मृग बहाराचं गोड असतं, तेव्हा मी दोन चमचे कमी घालते.

खड्डा पडतो सोड्यामुळे. दही आणि रस दोन्ही आंबट, सोडा पडल्याबरोबर फसफसायला लागतात आणि तो वायूच केक फुगवतो. आधी घालून ठेवलं तर फुगणं पातेल्यातच आटोपतं. रवा, साखर, दही, तूप, रस कालवून अर्धा तास झाकून ठेवा. रवा फुगून मिश्रण घट्ट झालं तर थोडं दूध घाला. कुकर तापल्यावरच अर्धा चमचा सोडा आणि किसलेली साल घालून हलक्या हाताने फिरवा आणि लगेच तूप लावलेल्या डब्यात ओता. सोडा जास्त झाला तरी साबणासारखी कडवट चव येते, तेव्हा हात आवरा.

कुकरमध्ये पाणी अजिबात नको. शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला मीठ पसरून त्यावर जाळी ठेवायची, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवायचा. नंतर बारीक आच, चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं. पहिला अर्धा तास झाकण उघडायचं नाही, कितीही वास सुटला तरी! मी दोनदा उघडलं आहे, म्हणून सांगते.

आणि वहीतल्या मापाची ती वाटी. मी आईला विचारलं होतं, कोणती? ती म्हणाली, "कोणतीही घे, पण मधे बदलू नको." रवा आमटीच्या वाटीने आणि दही स्टीलच्या पेल्याने मोजलं की सगळं बिघडतं. माझी साधारण दीडशे मिलीची आहे, एवढ्याचा केक सहा-सात जणांना पुरतो. आंटींची मूळची पितळी वाटी माझ्या बहिणीकडे गेली. चारदा मागितली, देत नाही.