आधी खरेदीची वही माग

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शहरातली कामं आटत चालली आहेत, माणसं घरी बसताहेत, आणि तुमच्या गटाने 'आपल्या भागातच खरेदी करा' असे फलक लावायचं ठरवलंय. लावा, पण त्यात महिना घालवू नका. पुढच्या महिन्याचा पगार होईल की नाही याची ज्याला धास्ती आहे, तो चार पैसे वाचतील तिथेच जाणार. त्याला ओशाळं करून काय मिळवायचं?

मंदीतही ज्यांची खरेदी थांबत नाही, त्यांच्या दारात जा. रुग्णालयाला चादरी रोज धुवाव्याच लागतात. विद्यापीठाला कागद, दुरुस्ती, साफसफाई लागतेच. महापालिकेची कामं निघतातच. शिवाय कारखाना एका रात्रीत दुसरीकडे हलतो, पण रुग्णालय काही शहर सोडून जात नाही. इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहराने हे ओळखलं ते ठेच लागल्यावर. २०११ मध्ये तिथली ७० कोटी पौंडांची शॉपिंग सेंटरची योजना बारगळली. बाहेरचा मोठा गुंतवणूकदार येणार आणि शहराचं भलं होणार, ही आशाच मावळली. मग तिथल्या नगरपालिकेने शहरातल्या मोठ्या सार्वजनिक संस्थांना एकत्र बसवून विचारलं, तुमचा खरेदीचा पैसा जातो कुठे? २०१२-१३ मध्ये त्यातला जेमतेम ५ टक्के प्रेस्टनमध्ये राहत होता. २०१६-१७ पर्यंत तो १८ टक्क्यांवर गेला. वरून नवा पैसा आलेला नव्हता, होता त्याचीच वाट बदलली.

मीही सुरुवातीला एका मोठ्या संस्थेची खरेदीची वही घेऊन बसले होते. तीन महिने. रकाना एकच वाढवला होता: पुरवठादाराचा पत्ता. बाकी काही केलं नाही. पानामागून पान दूरचेच पत्ते. आणि त्याच संस्थेच्या मागच्या गल्लीत गणवेश शिवणारी एक बाई होती, हाताखाली सहा जणी, हातात काम नाही. तिला विचारलं, निविदा का भरली नाहीस? तिने कागद माझ्यापुढे सरकवला. मागच्या तीन वर्षांची उलाढाल अमुक इतकी हवी, अनामत रक्कम आधी भरायला हवी, आणि सगळ्या गणवेशांचा पुरवठा एकाच ठेकेदाराने करायला हवा. तिची शिवण उत्तम होती, पण कागदच तिला दारात उभं करत नव्हता. आम्ही काय केलं? एका कामाचे पाच तुकडे करून घेतले आणि अनामत कमी करून घेतली. या दोन बदलांना वर्ष लागलं.

काम मिळालं आणि मग बिल थकलं. हे तुला कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. छोटा माणूस ऑर्डर नसल्यामुळे जितका मरतो, त्याहून जास्त बिल वेळेवर न मिळाल्यामुळे मरतो. सहा जणींची मजुरी दर आठवड्याला द्यायची आणि आपले पैसे चार महिन्यांनी यायचे, मधला काळ ती कशावर काढणार? म्हणून संस्थेशी बोलायला बसलीस की 'स्थानिकांकडून घ्या' एवढंच म्हणू नकोस. बिल किती दिवसांत मिळणार, हे लेखी घे.

पैसा अडकतो तिथे लोकांनी आपापल्या परीने वाटा काढल्या आहेत, त्या वाच. महामंदीत ऑस्ट्रियातल्या व्योर्गल या छोट्या गावाने जुलै १९३२ मध्ये पैशासारख्या चालणाऱ्या स्वतःच्या पावत्या काढल्या. त्यांची किंमत दर महिन्याला १ टक्का घसरे, ती टिकवायची तर तिकीट विकत घेऊन चिकटवावं लागे. त्यामुळे कुणी पावती दाबून ठेवत नसे, लगेच पुढे देई. रस्ते झाले, पूल झाला, हातांना काम मिळालं. सप्टेंबर १९३३ मध्ये राष्ट्रीय बँकेने तो प्रयोग बंद पाडला. स्वित्झर्लंडमध्ये १९३४ मध्ये छोट्या-मध्यम व्यावसायिकांनी आपसातल्या उधारीचं असंच एक वर्तुळ उभं केलं. एकाने दुसऱ्याला माल द्यायचा, नोंद व्हायची, आणि त्या नोंदीवर तिसऱ्याकडून माल घ्यायचा. विर नावाने ती बँक अजून चालू आहे.

पण हे वाचून हुरळू नकोस. अर्जेंटिनात १९९५ मध्ये मूठभर शेजाऱ्यांनी वस्तुविनिमयाचा गट सुरू केला. २००१ मध्ये देशाची अर्थव्यवस्था कोसळली तसे लाखो लोक अशा गटांत आले. एकमेकांची तोंडओळखही नसलेल्या माणसांत कुपनं फिरू लागली, बनावट कुपनं आली, आणि वर्षभरात बहुतेक गट बसले. संकटात घाईघाईने वाढवलेली रचना संकटातच मोडते. ओळख आधी लागते, आणि ती जमायला वेळ लागतो. तुझ्या गटात आज चाळीस माणसं असतील तर चाळीसच राहू देत, काही काळ.

ओळख म्हणजे काय, ते मला शिकागोवरून कळलं. जुलै १९९५ मध्ये तिथे उष्णतेची लाट आली आणि सातशेहून जास्त माणसं गेली, बरीचशी एकटी राहणारी म्हातारी. शेजारशेजारच्या दोन वस्त्या, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे वृद्ध. पण मृत्यूचं प्रमाण पहिलीत दुसरीच्या दसपट. पहिलीतली दुकानं कधीच बंद पडली होती, प्लॉट ओसाड होते, म्हातारी माणसं भीतीने दारं लावून आत बसली. दुसरीत रस्ता जागता होता, दुकानं उघडी होती, पदपथावर वर्दळ होती. म्हातारी बाहेर पडत होती, आणि एखादी दिसली नाही तर कुणाच्या तरी लक्षात येत होतं. म्हणून कुणी तुला विचारलं की अर्थव्यवस्थेच्या कामात शेजारपाजाऱ्यांचं काय काम, तर ही गोष्ट सांग. उघडं दुकान नुसता माल विकत नाही, त्या रस्त्यावर नजर ठेवून असतं.

आणखी एक, थोडं कडू. जवळचा आहे म्हणून कुणी आपोआप भला होत नाही. मजुरी बुडवणारा, मापात मारणारा मालक मागच्या गल्लीतही असतो. त्याला 'आपला' म्हणून पाठीशी घालू नकोस. आणि काल शहरात पोट भरायला आलेल्या माणसाला 'बाहेरचा' म्हणू देऊ नकोस. हे काम करता करता अनेक गट त्या वळणावर घसरलेले मी पाहिले आहेत, आणि तिथून परत फिरणं फार अवघड असतं.

इंग्लंडमधल्या रॉचडेल गावातल्या २८ जणांनी १८४४ मध्ये माणशी एक पौंड जमवून दुकान काढलं, तेव्हा विकायला लोणी, साखर, पीठ, मेणबत्त्या एवढंच होतं. भेसळ नाही, उधारी नाही, आणि नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परत. तुम्हालाही मोठ्या यादीची गरज नाही. एक संस्था निवडा, एक वस्तू निवडा. गणवेश असेल, चादरी असतील, काही का असेना.

वही मागायला गेलीस की पहिल्यांदा नाही म्हणतील. सार्वजनिक संस्था असेल तर माहितीचा अर्ज कर, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नकोस. हिशेबाच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाशी नीट बोल, साहेबापेक्षा त्याला जास्त माहीत असतं. वही हातात आली की पत्त्याचा रकाना तू स्वतः भर, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. आणि पहिली पन्नास पानं झाली की मला पाठव, आपण दोघी बसून वाचू.

तुझी,
मावशी