वाचक विचारतात : जुन्या भिंतीवर चित्रं

प्रश्न : खारकर आळीतलं आमचं चुन्याच्या गिलाव्याचं दुमजली घर दुरुस्त करून आठ खोल्यांचं हॉटेल करतोय. १९०३ सालच्या ताजमहाल पॅलेसमध्ये जशी खरी चित्रं दिसतात तशी इथेही हवीत : तैलचित्रं, जलरंग, कापडावरची वारली. पहिल्याच पावसाळ्यात दोन जलरंगांना बुरशी आली. भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घ्यावा का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सिमेंट अजिबात नको. चुन्याची भिंत ओल शोषते आणि उघडीप मिळाली की सोडूनही देते. वर सिमेंट किंवा प्लॅस्टिक पेंट चढला की ही वाट बंद होते. मग ओल क्षार घेऊन दुसरीकडून फुटते, भिंतीला लोणा लागतो आणि पोपड्यासकट खिळा हातात येतो. आधी पन्हाळी आणि पायाशी साचणारं पाणी बघा. खराब गिलावा चुन्यातच भरा, वर सफेदीही चुन्याचीच. घर वारसा यादीत असेल तर महापालिकेची परवानगी आधी.

आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडपतो. त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतींवर पितळी किंवा दगडी वस्तू शोभतील, कागद नको. चित्रं आतल्या भिंतींवर लावा.

बुरशीचं खरं कारण मात्र बहुधा एसी. आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की कागद धोक्यात येतो, आणि जुलैत ती बाहेर ८०च्या पुढे असते. पाहुणा खोली १८ अंशांवर गार करतो, जाताना खोलीची वीज चालू ठेवणारं कार्ड काढतो, एसी बंद. दमट हवा आत शिरते आणि गार काचेवर दव धरतं. म्हणून डिह्युमिडिफायर (हवेतली ओल खेचणारं यंत्र) कार्डाने बंद न होणाऱ्या पॉइंटवर जोडा, ५५ टक्क्यांवर लावा आणि पाणी थेट नळीने मोरीत सोडा. टाकी रोज रिकामी करायला कोणाच्या लक्षात राहत नाही.

जलरंगाला काच टेकली तर चिकटते, म्हणून मध्ये ३ मिमीचा आम्लरहित माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवा. मागे हार्डबोर्ड नको, कागद पिवळा पडतो. फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाचे १० मिमी तुकडे चिकटवा, म्हणजे मागे हवा खेळेल. वारलीतला पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा; बुरशी आणि कसर दोघींची मेजवानी, तेव्हा तीही काचेआडच. पावसाळ्यात तैलचित्राचा कॅनव्हास सैल पडला तर तो ताणायच्या, चौकटीच्या कोपऱ्यांतल्या मागच्या पाचरी ठोकू नका. हिवाळ्यात तो आपोआप आवळतो, आणि आधीच ताणलेला असेल तर रंगाला तडे जातात. उजेड जलरंगांवर ५० लक्स (उजेड मोजायचं एकक), तैलरंगांवर २०० पुरे.

हाउसकीपिंगला एकच सांगा : स्प्रे काचेवर नाही, फडक्यावर. काचेवर मारलेलं पाणी फ्रेमच्या खाचेतून थेट कागदात उतरतं.

प्रश्न : आमच्या लॉबीसाठी जुन्या बाजारात रविवर्मा प्रेसची लक्ष्मी मिळतेय. अस्सल कशी ओळखावी?
– एक वाचक, बेलापूर

उत्तर : १८९४ साली सुरू झालेला हा छापखाना दगडावरून छापायचा. दहापट भिंगातून चेहरा बघा. शिळाछापाचे ठिपके लहानमोठे, विस्कटलेले असतात. छापखान्याचं नाव खाली आहे एवढ्यावर जाऊ नका, तेही नकलेत उतरतं. सारख्या अंतरावर फुलांसारखी ठिपक्यांची नक्षी दिसली तर ते ऑफसेट, म्हणजे नंतरची यंत्रछपाई. फार तर फ्रेमचे पैसे द्या.