नीट: हातात रोज तीनच तास

प्रश्न: नोकरी सांभाळून नीट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा पुन्हा देणार आहे. अभ्यासाला रोज तीनच तास मिळतात. कशावर भर देऊ?

उत्तर: ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे आहेत, म्हणून रोजचा दीड तास त्यालाच द्या. एनसीईआरटीचं पुस्तक ओळन् ओळ वाचा, आकृत्यांखालचा मजकूर आणि तक्तेही सोडू नका. प्रश्न तिथूनही निघतात. नवी गाइडं तर आणूच नका. उरलेला दीड तास एक दिवस भौतिकशास्त्र, एक दिवस रसायनशास्त्र.

भौतिकशास्त्रात गाडी अडते ती बहुधा एकाच कारणानं. सोडवलेलं उदाहरण नुसतं वाचलं की समजल्यासारखं वाटतं, पण परीक्षेत पहिली पायरीच सुचत नाही. पुस्तक मिटून तेच उदाहरण कागदावर सोडवा, एककं तपासा. चुकलं तर शेजारी कारण लिहा: सूत्र आठवलं नाही, आकडेमोड चुकली, की प्रश्न घाईत वाचला? तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

सुट्टीच्या दिवशी १८० प्रश्नांची पूर्ण परीक्षा १८० मिनिटांत द्या, उत्तरपत्रिकेवरचे गोल भरण्यासकट. ते शेवटी एकदम भरायला ठेवले की ओळ सरकते आणि पुढची सगळी उत्तरं चुकतात. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्याला वजा १. दोन पर्याय खात्रीनं बाद झाले तर उत्तर जरूर द्या, सरासरी दीड गुण पदरात पडतो.

आणि कृपा करून झोप कापून चौथा तास काढू नका. वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागतेच.